एम.ए. मराठीला आले आणि वाचनच सुटलं. कुणाचं असं झालंय का?

पैनगंगाकाठची

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतीच वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी मेहकर तालुक्यातली, जिल्हा बुलढाणा. बी.ए. तिकडेच मराठी घेऊन केलं, आता छत्रपती संभाजीनगरला एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. मराठी घेतलं ते वाचायला मिळेल म्हणून. हे मुद्दाम सांगते, कारण पहिल्या दिवशी ओळख करून देताना वर्गातल्या निम्म्या जणांनी "दुसरीकडे नंबर लागला नाही" असंच सांगितलं आणि माझं कारण ऐकून मागच्या बाकावर हसू फुटलं.

वाचायची सवय लागली ती गावाकडच्या वाचनालयात. काळ्या-तांबड्या रेक्झिनची बांधणी, ठरलेल्या पानावर वाचनालयाचा शिक्का आणि समासात आधीच्या वाचकांचे शेरे. एका जाडजूड कादंबरीच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "पान ९० पर्यंत दम धरावा." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "धरला. उपयोग नाही." रहस्यकथा असेल तर कुणीतरी पुण्यवान माणूस खुन्याचं नाव आधीच लिहून ठेवायचा. एकदा तर चुकीचं नाव लिहिलं होतं, त्यामुळे शेवटपर्यंत मजा आली. दिवाळी अंक आले की रजिस्टरला चढण्याआधी ग्रंथपाल काका मला एका रात्रीपुरता एक अंक द्यायचे. "सकाळी दहाच्या आत पाह्यजे" एवढीच अट. असं वाचत वाचत मी इथवर आले.

आणि आता वाचवत नाही.

'बनगरवाडी' मी पहिल्यांदा शाळेत असताना वाचली. तो पोरगेला मास्तर, ती मेंढरं, शेवटी दुष्काळाने गाव उठतं ते वाचून मी जेवले नव्हते. आईला वाटलं ताप आलाय. पुढे बी.ए.ला तीच कादंबरी "प्रादेशिक कादंबरीची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा" या प्रश्नात भेटली. उत्तर छान लिहिलं, गुणही छान पडले. त्यानंतर पुस्तक उघडलं की पहिल्या पानापासून वातावरणनिर्मिती, बोलीचा वापर, निवेदनपद्धती असले मथळेच दिसतात. आता कुठलंही पुस्तक घेतलं तरी हेच. कथा वाचताना माझं अर्धं डोकं दहा गुणांचं उत्तर जुळवत असतं.

या सत्रात लीळाचरित्र आहे, महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या आठवणींचा ग्रंथ. आद्य गद्य ग्रंथ, म्हाइंभट, शके १२००, छोटी छोटी वाक्यं, तत्कालीन समाजाचं दर्शन. हे सगळं आम्ही उतरवून घेतलंय. एकही लीळा न वाचता मी त्यावर चार पानं लिहू शकते आणि याचीच मला लाज वाटते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या कॉलेजात पेढे वाटले होते. पण इथे ग्रंथालयात लीळाचरित्राची प्रत एकच, बांधणी सुटलेली, बाहेर न्यायची नाही. मी जाऊन बसले, एक पान वाचलं, काही केल्या आत शिरताच येईना. परत ठेवलं.

वसतिगृहात चौघी एका खोलीत, म्हणून अभ्यासिका लावलीय. तिथे सगळे स्पर्धा परीक्षेवाले. कथासंग्रह वाचत बसले होते तर शेजारच्या मुलाने हळूच विचारलं, "कोणती पोस्ट?" मी म्हटलं, कथा आहेत. तर म्हणे, "हो, पण कोणत्या परीक्षेला?" घरून आई म्हणते बी.एड. कर, मामा म्हणतात सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) काढ. दोघंही बरोबरच आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

मला एवढंच विचारायचंय की साहित्य शिकलेल्यांचं वाचन पुन्हा जागेवर आलं का? कसं? आणि हे लीळाचरित्र परीक्षेपुरतं नाही, खरंच वाचायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

---

सेटग्रस्त

स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

आधी एम.ए.ला ५५ टक्के पक्के करा (राखीव प्रवर्गात असाल तर ५०). त्याच्या खाली गेलात तर नेट-सेटचं दारच बंद. मग सेट. पेपर पहिला सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा तुमच्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मराठीच्या पेपरात ग्रंथ आणि ग्रंथकार, कवी आणि काव्यसंग्रह, सिद्धान्त आणि मांडणारा, अशा जोड्या लावायच्या असतात. त्याला वाचनाची गोडी लागत नाही, पाठांतर लागतं. मी साहित्यावर मनापासून प्रेम करणारे खूप मित्र पाहिले. ते अजून तासिका तत्त्वावर आहेत. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर उपाशी.

गाईडला नावं ठेवायची फॅशन आहे. मी गाईडवरच निघालो. गोडी काय, नोकरी लागल्यावर येते परत. आधी पोट.

---

रिद्धपूरवाट

मी अमरावतीकडचा, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो. पैनगंगाकाठची, तू माझ्या नातीच्या वयाची असशील, तेव्हा 'अगं-तुगं' करतो.

वरच्या गृहस्थांचं गणित चुकीचं नाही. तासिका तत्त्वावर राबणारी पोरं मीही पाहिलीत. त्यांनी दिलेले आकडे वहीत लिहून ठेव. पण "गोडी नोकरीनंतर येते परत" हे मला पटत नाही. ती येते असं मी माझ्या सहकाऱ्यांत फारसं पाह्यलं नाही. स्टाफरूममध्ये बारा महिने शेअर बाजार चालायचा.

आता लीळाचरित्र. तू पहिल्या पानापासून सुरू केलंस ना? तिथेच घोटाळा होतो. हा ग्रंथ कादंबरीसारखा पहिल्या पानावरून शेवटच्या पानाकडे जायचा नाही. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग आहेत, पण प्रत्येक लीळा म्हणजे एक सुटी आठवण. चक्रधर निघून गेल्यावर आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या देखरेखीखाली म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याकडे जाऊन विचारून लिहून घेतलं. कुणी स्वयंपाक करताना ऐकलं, कुणी वाटेत चालताना. ती मूळ प्रत पुढे धाडीत गेली आणि ज्यांना जेवढं पाठ होतं त्यांनी ते पुन्हा लिहून काढलं. म्हणून इतके पाठभेद. वर्गात पाठभेद म्हटलं की पोरांना झोप येते. पण त्याचा अर्थ असा की साडेसातशे वर्षांपूर्वीची माणसं आपसात "नाही रे, तसं नाही, असं म्हणाले होते" म्हणतायत. तेवढं ध्यानात ठेवून वाच.

सुरुवात कर कावळा-चिमणीपासून. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. तुझ्या आजीने सांगितली असेल, माझ्याही आजीने सांगितली. ही गोष्ट लीळाचरित्रात आहे. स्वतः चक्रधर ती सांगतात, फक्त चिमणीच्या जागी तिथे 'साळै' आहे. मी दरवर्षी पहिल्या तासाला काहीही प्रस्तावना न करता एवढंच मोठ्याने वाचायचो. पोरं आधी चमकायची, मग हसायची, मग एखादी म्हणायची, "सर, हे तर कळतं की!" कळतंच. न कळायला ते संस्कृत थोडंच आहे? केशिराज पंडित, चांगले व्युत्पन्न, त्यांनी नागदेवाचार्यांना संस्कृतात काही विचारलं तर आचार्य म्हणाले, तुमचं ते मला कळत नाही, मला स्वामींनी मराठीत सांगितलंय, मराठीत विचारा. त्याच केशिराजांनी पुढे लीळांमधले ११४ दृष्टान्त वेगळे काढून 'दृष्टान्तपाठ' केला. आंधळे आणि हत्ती त्यातच आहेत. तुला लीळाचरित्र जड वाटलं तर दृष्टान्तपाठ आधी घे, पातळ पुस्तक आहे.

दुसरं, मोठ्याने वाच. छापील आवृत्तीत वाक्यं दोन टिंबांनी तोडलेली दिसतील, ती विसर्गाची टिंबं समजू नकोस. तिथे श्वास घ्यायचा. मनातल्या मनात वाचलंस तर 'म्हणितलें', 'पुसिलें' यावर डोळा अडखळतो. तोंडाने म्हटलंस की आपोआप पुढे सरकतं, कारण हे मुळात बोलणंच आहे. बाइसा ही शिष्या विचारते, गोसावी म्हणजे चक्रधर सांगतात, मध्येच कुणीतरी शंका काढतं. महदाइसा तर सारखी विचारत असते. हीच ती धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचणारी, आपली आद्य कवयित्री. चक्रधर तिच्या या सारख्या विचारण्याचं कौतुक करतात. वर्गातल्या मागच्या बाकावरच्यांनी हसायचं ते हसू दे.

तुम्ही मुली वसतिगृहात राहता म्हणून एक लीळा खास सांगतो. बाईच्या पाळीचा विटाळ मानावा का, असा विषय निघतो. चक्रधर सांगतात की शरीराच्या नऊ द्वारांतून जसं काही ना काही स्रवतं तसंच हेही, त्याचा विटाळ कसला? तेराव्या शतकात, मराठीत, बायकांशी बोलताना. मी ही लीळा शिकवायला लागलो तेव्हा पहिली काही वर्षं मलाच वर्गात संकोच वाटायचा. मुलींना वाटत नव्हता.

आणि आता तुझ्यासाठी राखून ठेवलेलं. तू मेहकरची. तुझं मेहकर लीळाचरित्रात आहे! शेजारचं लोणारही आहे. यादवांचा राजा कान्हरदेव चक्रधरांच्या भेटीला येतो तो लोणारलाच. सूचीत तुझ्या गावांची नावं शोध आणि आधी तेवढ्याच लीळा वाच. ज्या जागी आपण एस.टी.ची वाट पाहत उभे राहिलो तिथे ही माणसं चालत आली होती, एवढ्यानेही वाचन पुढे जातं. त्याला समीक्षेत काही नाव नाही आणि नसलेलंच बरं. पुढे चौदाव्या शतकात मुनी व्यासांनी स्वामी जिथे जिथे राहिले त्या जागा फिरून पाहिल्या आणि कुठलं देऊळ कुठल्या दिशेला, दार कुठल्या तोंडाचं, हे सगळं 'स्थानपोथी'त टिपून ठेवलं. तीही मिळव.

ज्या कोलत्यांनी संपादित केलेली लीळाचरित्राची १९७८ ची आवृत्ती बहुतेक ठिकाणी असते, ते वि. भि. कोलते तुझ्याच बुलढाणा जिल्ह्यातले. हे पुस्तक आपल्या हाती आलं त्यालाही इतिहास आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, सुंदरी लिपीत लिहून ठेवले, बाहेरच्याला वाचता येऊ नयेत म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाकीच्या मराठी जगाला या गद्याचा पत्ताच नव्हता. इतिहासकार वि. का. राजवाड्यांसारख्यांनी लिपी उलगडली तेव्हा कुठे ते बाहेर आलं. म्हणजे आपल्या पणजोबांना जे वाचता आलं नाही ते तुझ्या ग्रंथालयात आहे, बांधणी सुटलेलं का होईना. आता तर रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालंय. एकदा ये इकडे.

---

खिळेजुळारी

मी पुण्यात मुद्रितशोधन करते. दिवसभर वाचणं हाच धंदा, तेव्हा "कामासाठी वाचायला लागलं की मजा जाते" यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे.

प्रुफं वाचताना आम्ही ओळीखाली पट्टी धरतो. पट्टी नसेल तर डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि 'निर्मिती'ची 'निर्मीती' झालेली निसटते. म्हणजे चांगलं प्रूफ वाचायचं तर गोष्ट कळू द्यायची नाही! एकदा एका कादंबरीची तिन्ही वाचनं केली आणि नायिका शेवटी मरते हे मला पुस्तक छापून आल्यावर मैत्रिणीने सांगितलं. घरी आल्यावरही हे सुटत नाही. लग्नपत्रिका हातात आली की आधी 'आशीर्वाद' बघते, मग नवरा-नवरीचं नाव. दहातल्या सात पत्रिकांत आशिर्वादच असतो, असो.

तर पैनगंगाकाठची, तुला मथळे दिसतात तसे मला ऱ्हस्व-दीर्घ दिसतात. ते दिसायचे थांबत नाहीत. ते थांबतील याची वाट पाहत बसू नकोस. मी काय केलं, तर ज्यावर मला कुणी कधीच काही विचारणार नाही असलं वाचायला घेतलं. जुनी पाकपुस्तकं. गॅझेटिअर. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. हसू नका. १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. कुठलाही एक शब्द काढ. अर्थ इंग्रजीत आहेत, पण खाली म्हणी, वाक्प्रचार, त्या काळच्या बोलण्यातले नमुने, बैलाच्या शिंगांच्या ठेवणीला काय म्हणतात इथपर्यंत सगळं. दहा मिनिटांसाठी उघडला की तास जातो. त्यावर वैशिष्ट्ये स्पष्ट करता येत नाहीत. मराठी विश्वकोशही आता पूर्ण ऑनलाइन आहे. त्यात एक नोंद वाचून तिथून दुसरीकडे भरकटत जायचं. अभ्यासिकेत कुणी विचारलंच तर सामान्यज्ञान म्हणून खपून जाईल.

आणि एक पुस्तक सांगते, 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं. १९३४ ते ३६ मध्ये भागाभागाने आलं. तू वाचलं असशीलच, पण परीक्षेसाठी वाचलं असशील तर पुन्हा वाच. माझं मत असं की हे पुस्तक कुठल्याही अभ्यासक्रमाने मारता येत नाही. बाईंनी स्वतःवर, नवऱ्यावर, सासऱ्यावर, देवावर इतक्या सहज विनोद केलेत की तुझं ते दहा गुणांचं डोकं दोन पानांत गप्प बसेल. माझं ऱ्हस्व-दीर्घाचं डोकं बसलं.

रिद्धपूरवाट सरांचं लेखन सुंदरच, पण एका बाबतीत वेगळं वाटतं म्हणून लिहिते. त्याला समीक्षेत नाव नसलेलंच बरं, वगैरे. सर, समीक्षेने नाही हो गोडी मारली. गाईडने मारली. पोरांना मूळ पुस्तक आणि मूळ समीक्षा या दोन्हींच्या ऐवजी तिसरंच काहीतरी मिळतं, कुणीतरी कुठून तरी उतरवलेलं, मुद्दे एक ते आठ. चांगला समीक्षक आपल्याला न दिसलेलं दाखवतो आणि आपण पुस्तक परत काढून बघतो. गाईड वाचून कुणी पुस्तक परत काढलंय?

सेटग्रस्त, तुमच्या 'आधी पोट'शी सहमत. पण जोड्या लावायलाही पुस्तकं वाचलेली असली की पाठांतर कमी करावं लागतं. ज्याने कविता वाचलीय त्याला कवीचं नाव घोकावं लागत नाही.

---

सेटग्रस्त

@खिळेजुळारी, हे मान्य. पण १०० प्रश्नांत येणारी सगळी पुस्तकं वाचायची तर सेटची वयोमर्यादा नाही हेच बरं म्हणायचं.

---

कोणती_पोस्ट

ताई, तो मुलगा मी नाही, पण मी असू शकलो असतो. 😄 मीही संभाजीनगरलाच तयारी करतोय. शेजारी कुणी जाड पुस्तक घेऊन बसलं की आम्हाला धस्स होतं. वाटतं, हे आपल्या यादीत नाही, नवीन आलंय की काय!

तुम्हाला एक गंमत सांगतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. वैकल्पिक विषय घ्यावा लागतो, अडीचशे-अडीचशेचे दोन पेपर, आणि त्या यादीत मराठी वाङ्मय आहे. आधी आमच्या अभ्यासिकेत मराठी म्हणजे समानार्थी शब्द आणि प्रयोग ओळखा. आता पाच-सहा जणं तुमच्याच विषयाची पुस्तकं शोधत औरंगपुऱ्यातली दुकानं पालथी घालतायत. मी त्यातलाच एक. माझं बी.एस्सी. ॲग्री झालंय. साहित्याची काडीची माहिती नव्हती, "गुण मिळतात" असं कुणीतरी सांगितलं म्हणून घेतला विषय.

आणि उलटंच झालंय. बालकवी वाचताना माझा अभ्यास राहतो. शेतावरची ओळ आली की डोळ्यासमोर आमचं रान येतं आणि तासभर मी तिथेच. मित्र म्हणतात याचं गेलं या वर्षीचं. तुमची गोडी गेली, माझी नको तेव्हा आली. बदलून घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

लीळाचरित्राची झेरॉक्स कुठे मिळाली तर कळवा.

---

पैनगंगाकाठची

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, अंतर्गत परीक्षा होती. (त्यात "महानुभाव गद्याची वैशिष्ट्ये" आलंच.)

सर, तुम्ही सांगितलं तसं सूचीत बघितलं. मेहकर निघालं! एकदा नाही, बऱ्याचदा. ग्रंथालयातल्या बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, आमचं पैठण बघ की, तुझ्यापेक्षा जास्त आहे. मग आम्ही दोघी पैठण मोजत बसलो. बाईंनी सुटी झालेली पानं लावून वर दोरा बांधून दिला आणि रोज दुपारी तासभर मला वेगळ्या टेबलावर बसू देतात. तिथे मोठ्याने वाचता येत नाही, म्हणून लोणारची लीळा वहीत उतरवून खोलीवर आणली आणि रात्री वाचली. माझ्या खोलीतली एक पॉलिटेक्निकची, एक नर्सिंगची, एक कॉमर्सची. नर्सिंगवालीने हेडफोन काढले आणि म्हणाली, "हा राजा कुठून आला मधेच? पहिल्यापासून वाच." मलाच माहीत नव्हतं. मग आधीची लीळा आणावी लागली. विटाळाची अजून सापडली नाही, पण मी ती सांगितल्यावर आता तिघी रोज विचारतात, सापडली का?

काही वाक्यं अजिबात लागत नाहीत. अशी वाक्यं मी पुढे ढकलते. आणि खरं सांगायचं तर मधूनमधून डोकं अजूनही "संवादात्मकता" वगैरे पुटपुटतंच. पुटपुटू दे म्हटलं. खिळेजुळारी ताई, तुमचा 'आशीर्वाद' वाचून हसले आणि लगेच मामेबहिणीची पत्रिका काढून बघितली. आशिर्वाद!

'स्मृतिचित्रे' घरी जाताना नेणार आहे, गावच्या वाचनालयाची प्रत. समासात कुणी काय लिहिलंय तेही बघायचंय.

सेटग्रस्त दादा, राग नाही. फॉर्म भरणार आहे.

कोणती_पोस्ट, अख्खी झेरॉक्स करू देणार नाहीत, पुस्तक नाजूक आहे. मी ज्या लीळा उतरवून घेते त्या हव्या तर देते. सर, एकच विचारते, स्थानपोथी कुणाची घेऊ? इथे कार्ड-कपाटात सापडली नाही.

---

रिद्धपूरवाट

कोलत्यांनीच संपादित केलेली आहे, ती माग. कार्डात 'मुनी व्यास', 'मुनिबास' किंवा नुसतं 'महानुभाव वाङ्मय' असंही लावलेलं असतं, तेव्हा त्या बाईंनाच शोधायला लाव. आता त्या सोडायच्या नाहीत. तिकडे नाहीच मिळाली तर माझ्या प्रतीतली मेहकर आणि लोणारची पानं फोटो काढून इथे टाकतो.

आणि दिवाळीत गावी गेलीस की ती पानं हातात धरून नदीकडे जा आणि त्यात लिहिलेलं काय काय अजून जागेवर आहे ते ताडून बघ. दिशा सुद्धा बघ. माझे गुडघे गेले, नाहीतर मीच आलो असतो. जे सापडेल ते याच धाग्यावर लिही.

---

कोणती_पोस्ट

ताई, वहीतल्या चालतील. आणि नदीकडे जाताना सांगा. लोणारपर्यंत मोटारसायकल माझी, पेट्रोल अर्धं-अर्धं. तेवढाच वैकल्पिकचा अभ्यास.